नको ती पॅकेजेस काढा, पण आवाज शाबूत ठेवा : लिनक्स आणि बीएसडीवर नव्याने आलेल्यांसाठी

गाणी ऐकायला एखादा छोटासा प्लेअर टाकायला जावं, तर पॅकेज मॅनेजर भलीमोठी यादी समोर ठेवतो आणि ‘पुढे जाऊ का?’ विचारतो. यादीत पल्सऑडिओ असतं, जॅक असतं, पाइपवायर असतं, ब्लूटूथचं काहीबाही असतं. यातलं काहीच आपण मागितलेलं नसतं. मग काही जण डोळे मिटून ‘हो’ म्हणतात. काही जण पुढे कधीतरी सफाईला बसतात, ओळखीचं नाव नसेल ते सगळं उडवतात आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावर आवाज गेलेला असतो. हे दोन्ही टाळता येतं. त्यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही, फक्त कामं कोणत्या क्रमाने करायची ते माहीत हवं.

कमांड्सबद्दल आधी सांगून ठेवतो. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टाइप करायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे लहान अक्षरांत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॅकेजचं नाव बघून निर्णय घेऊ नका. ते पॅकेज तुमच्या मशीनवर नेमकं काय करतंय ते बघा. डिस्कवर नुसतं पडून आहे, एखाद्या प्रोग्रामबरोबर मेमरीत येतंय, की मशीन चालू असेपर्यंत सतत चालतंय? या तीन अवस्थांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नवख्यांची बहुतेक मोडतोड हा फरक न पाहिल्यामुळेच होते.

आवाजाचे थर

सर्वांत खाली कर्नलमधला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातला, ड्रायव्हर. लिनक्सवर हे काम अल्सा करतं. त्याची सुरुवात १९९८ मध्ये यारोस्लाव्ह किसेला यांनी केली. त्याआधी कर्नलमध्ये ओएसएस, म्हणजे ओपन साउंड सिस्टिम होती. २००२ मध्ये अल्सा कर्नलच्या २.५ या विकासशाखेत आलं आणि डिसेंबर २००३ च्या २.६ पासून ते मुख्य झालं. फ्रीबीएसडी आजही ओएसएसच्याच पद्धतीने चालतं, पण त्यांची अंमलबजावणी स्वतःची आहे आणि अनेक प्रोग्रामचा आवाज एकत्र मिसळण्याचं काम तिथे कर्नलच करतो.

त्याच्या वर साउंड सर्व्हर. ब्राउझर, प्लेअर, सूचनांची टिंगटिंग या सगळ्यांचा आवाज एकत्र करणं, प्रत्येकाचा व्हॉल्यूम वेगळा ठेवणं आणि हेडफोन लावला की आवाज तिकडे वळवणं ही त्याची कामं. लेनार्ट पोएटरिंग यांनी २००४ च्या सुमारास सुरू केलेलं पल्सऑडिओ २००७ मध्ये फेडोरा या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तयार संचाच्या) ८ व्या आवृत्तीत मुख्य सर्व्हर म्हणून आलं, आणि पुढच्याच वर्षी उबुंटू ८.०४ मध्ये. त्या काळात त्याने लोकांना इतका त्रास दिला, की ‘आवाज बिघडला? पल्सऑडिओ उडवा’ हा सल्ला घट्ट रुजला. अजूनही तो जुन्या उत्तरांमधून नवख्यांपर्यंत पोचतो आणि त्यांचं नुकसान करतो. आज चित्र बदललंय. विम टायमन्स यांचं पाइपवायर एप्रिल २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने स्वीकारलं, उबुंटूने २२.१० मध्ये. पल्सऑडिओसाठी लिहिलेले प्रोग्राम पाइपवायरशीही बोलतात, कारण पाइपवायर त्यांच्यासमोर पल्सऑडिओचाच चेहरा धरतं. संगीत ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी जॅक वेगळं आहे. त्याचा सगळा भर आवाजाला होणारा उशीर कमी ठेवण्यावर असतो. ओपनबीएसडीचा एसएनडीआयओ हा स्वतःचा, आटोपशीर सर्व्हर आहे.

प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्यामध्ये असते लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम वापरतात तो तयार कोड. डेबियनमध्ये ‘लिबपल्स-शून्य’ नावाचं पॅकेज दिसेल. गोंधळ इथेच होतो. नावात ‘पल्स’ दिसलं की लोकांना वाटतं पल्सऑडिओ आलं. पण ही फक्त लायब्ररी आहे. पल्सऑडिओचा सर्व्हर वेगळ्या पॅकेजमध्ये असतो. लिबपल्स डिस्कवर असली म्हणून पार्श्वभूमीवर काही चालू होत नाही. प्रोग्रामला सर्व्हर सापडला तर तो वापरतो, नाही सापडला तर बरेच प्रोग्राम गुपचूप अल्साकडे वळतात. काहीशे किलोबाइटच्या या लायब्ररीमागे लागून अर्धा डेस्कटॉप उखडण्यात अर्थ नाही.

मग चिंता करायची तरी कशाची?

चिंतेला जागा आहे, आणि ती खरी आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मुद्दाम लपवलेला घातक कोड सापडला. निशाणा होता ओपनएसएसएच, म्हणजे दूरवरून लॉगिन करण्याची सेवा. गंमत म्हणजे ओपनएसएसएच स्वतः एक्सझेड वापरतच नाही. पण डेबियन, फेडोरा यांसारख्या डिस्ट्रोंनी ‘सेवा सुरू झाली’ एवढा निरोप सिस्टिमडी या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेला देण्यासाठी तिला सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती, आणि त्या लायब्ररीला एक्सझेडची लायब्ररी हवी होती. एका छोट्या निरोपासाठी दोन पायऱ्या ओलांडून परका कोड सगळ्यात नाजूक प्रोसेसमध्ये जाऊन बसला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना लॉगिनला नेहमीपेक्षा अर्ध्या सेकंदाच्या आसपास जास्त वेळ लागतोय असं जाणवलं, त्यांनी मुळाशी जाऊन शोध घेतला, म्हणून बिंग लवकर फुटलं.

म्हणून वरच्या तिन्ही अवस्था ओळीने तपासाव्या लागतात. डिस्कवर पडलेलं पॅकेज जागा खातं आणि अपडेटचा वेळ खातं, बाकी फारसं काही करत नाही. प्रोसेसमध्ये येणारी लायब्ररी त्या प्रोसेसला जे जे करता येतं ते सगळं करू शकते. आणि सतत चालणाऱ्या सेवेला स्वतःचे हक्क, स्वतःची मेमरी आणि बाहेरून बोलण्याची स्वतःची दारं असतात. सर्व्हर मशीनवर आवाजाची एकही सेवा असू नये, या मताचा मी आहे. रोजच्या डेस्कटॉपवर मात्र एक साउंड सर्व्हर असणं अगदी रास्त आहे. एकाच वेळी दोन चालू नकोत, एवढंच.

पहिली पायरी : आधी तळाचा आवाज तपासा

काहीही काढण्याआधी खालच्या थरात आवाज येतोय याची खात्री करा. हे न करता वरच्या थरात हात घातला, तर बिघाड आधीचा होता की तुम्ही केलेला, हे नंतर कळायला मार्ग राहत नाही.

लिनक्सवर ‘एप्ले’ ही कमांड लहान ‘एल’ हा पर्याय देऊन चालवा. कार्डांची यादी येईल. एकही कार्ड दिसलं नाही तर प्रश्न डिपेन्डन्सीचा (एका पॅकेजला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजचा) नाहीच, ड्रायव्हरचा किंवा फर्मवेअरचा आहे. अलीकडच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये आवाजाचं काम वेगळ्या सिग्नल प्रोसेसरवर चालतं आणि त्याला साउंड ओपन फर्मवेअर लागतं. डेबियनमध्ये ते ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’ या पॅकेजात असतं, इतरत्र ‘सॉफ-फर्मवेअर’ नावाने. काटकसरीने केलेल्या इन्स्टॉलमधून बहुधा हेच सुटतं. कर्नलचे निरोप दाखवणारी ‘डीमेसेज’ कमांड चालवून त्यात ‘सॉफ’ शब्द शोधला तर फाइल सापडली नसल्याची तक्रार सहसा दिसते. ही कमांड टाइप करताना डी, एम, ई, एस, जी ही पाचच अक्षरं.

कार्ड दिसतंय पण आवाज नाही? मग ‘अल्सामिक्सर’ उघडा. उभ्या पट्ट्या दिसतात आणि प्रत्येकीखाली एक छोटा चौकोन असतो. चौकोनात दोन शून्यं असतील तर ती वाहिनी खुली आहे. दोन कॅपिटल ‘एम’ असतील तर ती बंद आहे, मग वरची पट्टी शंभरावर का असेना. त्या पट्टीवर जाऊन ‘एम’ दाबा, शून्यं येतील. एफ६ दाबून कार्ड बदलता येतं. बाणाने उजवीकडे सरकत गेलात तर काही लॅपटॉपवर ‘ऑटो-म्यूट मोड’ नावाची वाहिनी सापडेल. हेडफोन लावला की स्पीकर गप्प करणं हे तिचं काम. हेडफोनच्या खाचेतला सेन्सर बिघडला असेल तर काहीही न लावता स्पीकर गप्प राहतात, आणि तेव्हा ही वाहिनी बंद करून पाहावी.

यानंतर ‘स्पीकर-टेस्ट’ चालवा. ‘सी’ या पर्यायाला २ आणि ‘टी’ या पर्यायाला ‘वेव्ह’ दिलं (स्पेलिंगमध्ये तीनच अक्षरं : डब्ल्यू, ए, व्ही) तर एक आवाज इंग्रजीत आधी डावीकडून, मग उजवीकडून बोलतो. थेट एखाद्या कार्डावर पाठवायचं असेल तर कॅपिटल ‘डी’ पर्यायापुढे ‘प्लगएचडब्ल्यू’, विसर्गासारखं कोलनचं चिन्ह, कार्डाचा क्रमांक, स्वल्पविराम, उपकरणाचा क्रमांक असं द्या, उदाहरणार्थ १ आणि ०. उत्तरादाखल ‘डिव्हाइस बिझी’ अशी तक्रार आली तर घाबरू नका. वरचा सर्व्हर कार्ड धरून बसलाय, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक नेहमीची अडचण. शून्य क्रमांकाचं कार्ड एचडीएमआयचं निघतं, म्हणजे मॉनिटरकडे जाणारं, आणि अल्सा डीफॉल्ट म्हणून शून्यालाच धरतं. आवाज निघतोय, पण स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे जातोय. यावर उपाय ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘असाउंड डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये दोन ओळी : ‘डीफॉल्ट्स डॉट पीसीएम डॉट कार्ड’ आणि ‘डीफॉल्ट्स डॉट सीटीएल डॉट कार्ड’, दोन्हींपुढे कार्डाचं नाव. क्रमांकही चालतो, पण यूएसबी हेडसेट लावलेला असताना मशीन सुरू केली की क्रमांक पुढे-मागे होऊ शकतात. म्हणून मी नेहमी नावच देतो. ते ‘एप्ले’च्या यादीत कोलननंतर लगेच दिसतं.

दुसरी पायरी : कार्ड कोणाच्या हातात आहे?

‘फ्यूजर’ कमांडला लहान ‘व्ही’ पर्याय आणि ‘डेव्ह’मधल्या ‘एसएनडी’ फोल्डरातल्या सगळ्या फाइल्स द्या. कोणती प्रोसेस आवाजाचं उपकरण उघडून बसलीय ते समोर येतं. पाइपवायरच्या मशीनवर इथे ‘पाइपवायर’ आणि ‘वायरप्लंबर’ ही नावं दिसतात. वायरप्लंबर म्हणजे पाइपवायरचा सेशन मॅनेजर. कोणतं उपकरण उघडायचं आणि कोणाला कोणाशी जोडायचं हे तो ठरवतो. अनावश्यक समजून लोक तो काढून टाकतात, आणि मग पाइपवायर व्यवस्थित चालू असूनही व्हॉल्यूमच्या खिडकीत ‘डमी आउटपुट’ एवढं एकच नाव उरतं. पाइपवायर ठेवायचं असेल तर वायरप्लंबर हवाच.

दुसरी कमांड ‘पॅक्टल इन्फो’. टाइप करताना पहिला शब्द पी, ए, सी, टी, एल असा. उत्तरात ‘सर्व्हर नेम’ची ओळ वाचा. तिथे नुसतं पल्सऑडिओ असेल तर खरंच पल्सऑडिओ चालू आहे. ‘पल्सऑडिओ, ऑन पाइपवायर’ अशा अर्थाचं काही असेल तर सर्व्हर पाइपवायर आहे. ही एक ओळ वाचल्याशिवाय कोणताही सल्ला अमलात आणू नका, कारण एका सर्व्हरसाठी दिलेली सूचना दुसऱ्यावर उलटते.

पाइपवायर पॅकेज आहे म्हणजे आवाज तेच हाताळतंय असंही समजू नका. उबुंटू २२.०४ मध्ये पाइपवायर होतं ते वेलँड या डिस्प्ले व्यवस्थेवर स्क्रीन दाखवता यावी म्हणून, आवाज पल्सऑडिओच्याच हाती होता. तिथे कोणी ‘दुहेरी कशाला’ म्हणून पाइपवायर काढलं, तर आवाज तसाच राहील, पण व्हिडिओ बैठकीत स्क्रीन शेअर करणं बंद पडेल.

तिसरी पायरी : हे आलं कशामुळे?

डेबियन आणि उबुंटूमध्ये पॅकेजं एकमेकांशी तीन पातळ्यांवर बांधलेली असतात. ‘डिपेंड्स’ म्हणजे याशिवाय चालणारच नाही. ‘रेकमेंड्स’ म्हणजे बहुतेकांना लागेल. ‘सजेस्ट्स’ म्हणजे असलं तर बरं. २००९ च्या डेबियन ५ पासून ॲप्ट हा तिथला पॅकेज मॅनेजर ‘रेकमेंड्स’मधलं सगळं आपोआप टाकतो. म्हणजे त्या लांबलचक यादीतला मोठा भाग सक्तीचा नसतो, शिफारशीचा असतो.

‘ॲप्टिट्यूड व्हाय’ आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की ते कोणाच्या शिफारशीने आलं याची साखळी दिसते. उलट दिशेने बघायचं तर ‘ॲप्ट-कॅश आरडिपेंड्स’ला दोन आडव्या रेघांचा ‘इन्स्टॉल्ड’ पर्याय द्या, म्हणजे मशीनवर खरोखर असलेल्यांपैकी कोणाकोणाला हे पॅकेज हवंय ते कळेल. लिबपल्ससाठी हे चालवलंत तर यादीत एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या संचाची ‘लिबएव्हीडिव्हाइस’ सापडेल. आणि व्हिडिओशी संबंध असलेलं जवळजवळ सगळं एफएफएमपेगवर उभं आहे. लिबपल्स उपटणं व्यवहार्य का नाही, हे त्या एका यादीवरून स्पष्ट होतं.

नवं पॅकेज टाकताना ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय देऊन शिफारशी वगळता येतात. सर्व्हर मशीनवर मी हा पर्याय कायमचा चालू ठेवा असं सांगेन. डेस्कटॉपवर मात्र तो एकेका पॅकेजपुरता वापरा. शिफारशींमध्ये कामाच्या गोष्टीही असतात. आरटीकिट ही छोटी सेवा साउंड सर्व्हरला प्रोसेसरवर अग्रक्रम मिळवून देते. ती नसली तर आवाज बंद होत नाही, पण मशीनवर ताण आला की कडकड ऐकू येते, आणि त्याचं कारण तिचं नसणं आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्रोग्राम कोणती लायब्ररी मेमरीत आणतो हे बघायला ‘एलडीडी’ प्रसिद्ध आहे. पण भरवसा नसलेल्या फाइलवर ती चालवू नका, कारण काही परिस्थितींत त्या फाइलमधला कोडच चालू होऊ शकतो. ‘रीडएल्फ’ला लहान ‘डी’ पर्याय देऊन ‘नीडेड’ असलेल्या ओळी वाचणं सुरक्षित. तरीही चित्र पूर्ण होत नाही. एसडीएलसारख्या (ही खेळांत वापरली जाते) लायब्ररी चालू झाल्यावर, हवी तेव्हाच लिबपल्स उघडतात, आणि अशी जोडणी फाइलमध्ये लिहिलेली नसते. चालू प्रोसेसमध्ये नेमकं काय आहे ते ‘प्रोक’ फोल्डरात, त्या प्रोसेसच्या क्रमांकाखालच्या ‘मॅप्स’ फाइलमध्ये दिसतं. तिथे ‘पल्स’ शोधा.

चौथी पायरी : काढण्याआधी बंद करून पाहा

मशीनवर दोन सर्व्हर एकमेकांच्या पायात येत असतील, तर नको असलेला आधी नुसता बंद करा. सिस्टिमडी असलेल्या डिस्ट्रोवर ‘सिस्टिमकंट्रोल’ कमांड (टाइप करताना ‘सिस्टिम’ला जोडून सी, टी, एल) वापरकर्त्याच्या पातळीवर, म्हणजे ‘युजर’ पर्यायासह चालवायची आणि ‘मास्क’ करून पल्सऑडिओची सर्व्हिस आणि सॉकेट दोन्हींची नावं द्यायची. सॉकेट राहिलं तर कोणीही प्रोग्राम दार वाजवताच सेवा पुन्हा उभी राहते. सिस्टिमडी नसेल तिथे पल्सऑडिओच्या ‘क्लायंट डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये ‘ऑटोस्पॉन’पुढे ‘नो’ लिहा. मग लॉगआउट करून परत या आणि काही दिवस नेहमीची कामं करा. काही अडलं तर ‘अनमास्क’ करून लगेच मागे येता येतं. पॅकेज काढून टाकल्यावर परतीची वाट एवढी सोपी राहत नाही.

प्रत्यक्ष काढायची वेळ आली की आधी लुटुपुटूचं काढा. ‘ॲप्ट’ला लहान ‘एस’ पर्याय दिला की काहीही न बदलता काय होईल ते दाखवतं. त्यात ‘रिमूव्ह्ड’ (नव्या आवृत्तीत ‘रिमूव्हिंग’) शब्द असलेली ओळ आणि तिच्याखालची नावं एकेक करून वाचा. तिथे डेस्कटॉपचं मेटापॅकेज दिसलं तर थांबा. मेटापॅकेजमध्ये स्वतःचं असं काहीच नसतं, ते फक्त इतर पॅकेजेसना एकत्र बांधून ठेवतं. ते गेलं म्हणून लगेच काही मोडत नाही, म्हणूनच माणूस बेसावध राहतो. पण त्याच्यामुळे आलेली बरीच पॅकेजेस आता ‘निराधार’ ठरू शकतात, आणि पुढच्या ‘ऑटोरिमूव्ह’ला फाइल मॅनेजरपासून लॉगिनच्या पडद्यापर्यंत काहीही यादीत येऊ शकतं. मेटापॅकेज घालवायचंच असेल, तर हवी ती पॅकेजेस आधी ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ने स्वतःच्या नावावर करून घ्या. ‘हे मी जाणूनबुजून ठेवलंय’ अशी नोंद होते आणि ऑटोरिमूव्ह त्यांना हात लावत नाही.

डेबियनमध्ये ‘इक्विव्ह्स’ नावाचं साधन रिकामं, नावापुरतं पॅकेज बनवून देतं आणि पॅकेज मॅनेजरची समजूत काढतं. ते उपयोगी आहे, पण नवख्याने यापासून दूर राहावं असं मला मनापासून वाटतं. खोट्या पॅकेजची आठवण राहत नाही, पुढे मोठ्या अपग्रेडला तेच आडवं येतं.

साउंड सर्व्हरशिवाय राहायचं असेल तर

नुसत्या अल्सावर मशीन छान चालते. अनेक प्रोग्रामचा आवाज मिसळणारं ‘डीमिक्स’ अल्सात आहेच, आणि बहुतेक ॲनालॉग कार्डांसाठी ते आपोआप चालू असतं. एचडीएमआयसाठी ते आपोआप मिळत नाही. तिथे एक प्रोग्राम वाजत असताना दुसऱ्याला ‘बिझी’ असं उत्तर मिळतं आणि स्वतः कॉन्फिग लिहावं लागतं.

काय सोडावं लागेल ते आधी नीट समजून घ्या. ब्लूटूथ हेडफोन सगळ्यात आधी अडतील, कारण लिनक्सची ब्लूटूथ व्यवस्था असलेल्या ब्लूझेडच्या ५ व्या आवृत्तीपासून अल्साचा थेट आधार काढून टाकला गेला. ‘ब्लूअल्सा’ नावाची वेगळी सेवा बसवावी लागते. म्हणजे एक सेवा काढून दुसरी आणणं आलं. फायरफॉक्सच्या अधिकृत लिनक्स आवृत्तीने मार्च २०१७ मध्ये, ५२ व्या आवृत्तीपासून अल्साचा आधार सोडला आणि पल्सऑडिओची मागणी सुरू केली. काही डिस्ट्रो फायरफॉक्स स्वतः बांधताना अल्साचा पर्याय चालू ठेवतात, तिथे अडचण नाही. नाहीतर ‘एपल्स’ हे छोटं साधन लिबपल्सची बतावणी करून आवाज थेट अल्साकडे पोचवतं. प्रत्येक प्रोग्रामचा वेगळा व्हॉल्यूम जातो, चालू गाणं स्पीकरवरून हेडसेटवर वळवणं जातं. एकच कार्ड, तारेचे हेडफोन आणि मोजके प्रोग्राम असतील, तर हा मार्ग मोकळेपणाने घ्या. ब्लूटूथ आणि रोजच्या व्हिडिओ बैठका असतील, तर पाइपवायर ठेवा आणि निश्चिंत राहा.

एमपीव्ही हा प्लेअर वापरत असाल तर त्याच्या ‘एओ’ पर्यायाला ‘हेल्प’ द्या. त्या बांधणीत कोणकोणते आवाजाचे मार्ग आहेत त्याची यादी मिळते, आणि ‘अल्सा’ देऊन सर्व्हर बाजूला ठेवता येतो. अशी निवड देणारे प्रोग्राम पसंत करणं, हा डिपेन्डन्सी कमी ठेवण्याचा सगळ्यात कमी कटकटीचा उपाय.

इतर ठिकाणी हेच काम

फेडोरात शिफारशी वगळायला डीएनएफ या तिथल्या पॅकेज मॅनेजरच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘इन्स्टॉल वीक डेप्स’ हे ‘फॉल्स’ करायचं, मूळ नावात शब्दांमध्ये अंडरस्कोर आहेत. कोणाला काय हवंय हे ‘डीएनएफ रेपोक्वेरी’चा ‘व्हॉटरिक्वायर्स’ पर्याय सांगतो. आर्चमध्ये ऐच्छिक डिपेन्डन्सी आपोआप येतच नाहीत, त्यामुळे तिथे प्रश्न उलटा असतो : काहीतरी राहून गेलेलं असतं. ‘पॅकट्री’ला (सुरुवातीची अक्षरं पी, ए, सी) लहान ‘आर’ दिला की उलटी साखळी दिसते.

जेंटूवर मात्र जरा रेंगाळावंसं वाटतं, कारण तिथे हा प्रश्न मुळाशीच सोडवलाय. पॅकेजेस सहसा तुमच्याच मशीनवर बांधली जातात आणि ‘यूज फ्लॅग’ने तुम्ही सांगता काय हवं, काय नको. ‘मेक डॉट कॉन्फ’मध्ये पल्सऑडिओपुढे वजाचं चिन्ह आणि अल्सा नुसतं लिहिलं, तर ज्या पॅकेजांत तो पर्याय आहे ती लिबपल्सशिवायच बांधली जातात. लायब्ररी लपवलेली किंवा बंद केलेली नसते, ती प्रोग्रामात जोडलेलीच नसते. किंमत वेळेची. ब्राउझर बांधायला तासन्‌तास लागू शकतात. इतर डिस्ट्रोंवर एखाद-दुसरा प्रोग्राम स्वतः बांधूनही हेच साधता येतं : सोर्समधली बांधणीच्या पर्यायांची यादी वाचायची आणि पल्सचा पर्याय ‘डिसेबल्ड’ करायचा. पण मग त्या प्रोग्रामचे सुरक्षा अपडेट तुमची जबाबदारी.

फ्रीबीएसडीवर ‘डेव्ह’मधली ‘एसएनडीस्टॅट’ ही फाइल वाचली की उपकरणं दिसतात. डीफॉल्ट बदलायला ‘सिसकंट्रोल’ने (टाइप करताना एस, वाय, एस, सी, टी, एल) ‘एचडब्ल्यू डॉट एसएनडी डॉट डीफॉल्ट युनिट’ला क्रमांक द्यायचा, इथेही शेवटच्या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर. पोर्ट्समधून, म्हणजे सोर्सवरून, बांधताना ‘मेक कॉन्फिग’ चालवलं की पर्यायांची खिडकी उघडते, तिथे पल्सऑडिओवरची खूण काढता येते. तयार पॅकेजेस आणि स्वतः बांधलेले पोर्ट्स यांची सरमिसळ मात्र जपून करा, आवृत्त्या जुळेनाशा होतात.

ओपनबीएसडीवर एसएनडीआयओ मूळ प्रणालीतच आहे आणि पोर्ट्समधले प्रोग्राम त्याला जुळवून घेतलेले असतात, त्यामुळे वेगळ्या सर्व्हरची गरज सहसा पडत नाही. नवखे अडतात ते मायक्रोफोनपाशी : रेकॉर्डिंग होतं, पण शांतता रेकॉर्ड होते. हा बिघाड नाही. खासगीपणासाठी ‘कर्न डॉट ऑडिओ डॉट रेकॉर्ड’ ही किंमत मुळात शून्य ठेवलेली असते. ‘सिसकंट्रोल’ने ती १ करा.

डिपेन्डन्सी खरोखरच चुकीची असेल तर कळवा

कधी कधी तपासाअंती दिसतं की प्रोग्राम त्या पॅकेजशिवाय व्यवस्थित चालतो, तरीही ते ‘डिपेंड्स’मध्ये घातलंय. ही पॅकेज बांधणाऱ्याच्या हातून सुटलेली गोष्ट असते आणि ती दुरुस्त होऊ शकते. डिस्ट्रोच्या बग नोंदणीत जाऊन लिहा. पॅकेजची आवृत्ती, ‘रीडएल्फ’मध्ये ती लायब्ररी ‘नीडेड’ म्हणून दिसते की नाही, आणि ते पॅकेज नसताना प्रोग्रामचा कोणता भाग चालला, कोणता नाही, हे तीन मुद्दे पुरेसे असतात. मागणीही नेमकी करा : ‘डिपेंड्स’मधून ‘रेकमेंड्स’मध्ये हलवा, किंवा हा भाग वेगळ्या पॅकेजात काढा. ‘हे फुगवटा आहे’ असा नुसता राग नोंदवला तर समोरच्याला त्यातून करण्यासारखं काहीच मिळत नाही. बहुतेक जण हे काम आपल्या मोकळ्या वेळेत, विनामोबदला करतात. तपासलेली, नेमकी नोंद आली की त्यांचं निम्मं काम झालेलं असतं, आणि बदल तुमच्याबरोबर त्या डिस्ट्रोच्या प्रत्येक वापरकर्त्यापर्यंत पोचतो.